दोन रिंगा

आमच्याकडं नळाला पाणी अकराव्या दिवशी येतं,
कधी तेराव्या.
उदगीरात हे कुणी कुणाला सांगत नाही,
माहीतच असतं, आपलं वय माहीत असतं तसं.

वैजनाथचं घर टाकीखाली. माझं गल्लीच्या शेपटाला.
त्याच्या नळाला धार लागली की
माझ्यापर्यंत यायला चाळीस मिनिटं.
तेवढ्यात तो दोन रिंगा द्यायचा आणि कापायचा.
मी उचलायचा नाही, असं ठरलेलं.
रात्री अडीच, पहाटे चार,
एकदा तर ऐन दिवाळीत, अंगाला उटणं लावलेलं असताना.
मी मोटर लावायची, हौदाच्या काठावर बसायची,
पाण्याचा आवाज जाडा होत जाताना ऐकायची.
नऊ वर्षं.

एकदा झोपेत उचलला.
'उचललास कशाला? पैसे गेले की माझे,' म्हणाला,
आणि मग हौद भरून, अंगण ओलांडून
पाणी रस्त्याला लागेपर्यंत आम्ही बोलत बसलो.
काय बोललो ते आठवत नाही.
सकाळी शकीलाबींनी पाणी वाया घालवलं म्हणून
दारात उभं राहून शिव्या घातल्या,
त्या सगळ्या आठवतात.

त्याचा बायोडाटा माझ्याच दुकानात टाईप झाला.
उंची सांगितली पाच सात.
म्हटलं, साडेसहा आहेस, चप्पल काढून.
'टाक गं सात, कोण मोजायलंय?'
मी मोजलेली होती.
हे त्याला सुचलं नाही.
मलाही नाही.
'अपेक्षा'पाशी येऊन म्हणाला, तूच लिही काहीतरी,
तुला माहीत असतंय.
मी लिहिलं : सुशिक्षित, मनमिळाऊ.
सगळ्यांचं तेच लिहिते.
प्रिंटचे वीस रुपये त्यानं दिले नाहीत, मी मागितले नाहीत.

लग्नात मी मजेत होते, खरंच.
अक्षता वाटल्या.
भाताला मीठ नाही म्हणून आचाऱ्याशी भांडले.
रेणुका चांगली आहे, नांदेडला शाळेवर आहे,
तोही गेला तिकडंच.
निघताना म्हणाला, येतो.
मी म्हटलं, जा की.

मग अकरावा दिवस झाला. बारावा.
तेराव्या रात्री जाग आली
ती शकीलाबींची मोटर बंद होतानाच्या आवाजानं.
पळत जाऊन बटण दाबलं
तर पाइपानं नुसती हवा ओढली.
येऊन गेलं होतं पाणी.
हौदाच्या तळाला बोटभर, त्यात खराट्याची एक काडी.

सवयीनं काठावर बसले.
आणि आठवत गेलं, की दर खेपेला
चौथ्या-पाचव्या दिवसापासून मी जाजमं धुवायला काढायची,
धुतलेली गोधडी परत भिजवायची,
मागेल त्याला दोन घागरी द्यायची.
आई म्हणायची, काय उधळतीस गं माय,
दुष्काळात जन्मली असून.
मला वाटायचं, आपल्याला स्वच्छतेची आवड आहे.

हौद लवकर रिकामा व्हावा म्हणून झटणारी बाई
या अख्ख्या तालुक्यात मी एकटीच असेन.

कोरडी मोटर किती वेळ चालू होती कुणास ठाऊक.
जळका वास आला तेव्हा उठले.

परवा दुपारी त्याचा फोन आला.
दोन रिंगा झाल्या, तिसरी झाली, चौथी,
उचलायचा असतो हेच सुचेना.
'पाणी आलं का गं?'
आलं की. भरलं सगळं.
'इथं रोज येतंय. सवयच मोडली बघ.'
मागं कुकरची शिट्टी झाली.
'थांब जरा,' म्हणाला,
आणि मी थांबले.

टँकरवाल्याला सांगायचं राहिलंय अजून.