समास

नेरिना ब्रेसानचा बाप थडग्यांवर नावं कोरायचा,
पोर्देनोनेजवळच्या एका खेड्यात.
ती सांगायची, दगडाला खोडरबर नसतो,
म्हणून बाबा आधी जागा मोजायचे, मग माणूस.
नाव लांबलचक असलं तरी अक्षरं बारीक करायची नाहीत,
तारखा खाली सरकवायच्या.
मेलेल्याला घाई नसते.

मिलानला ती आली एकसष्ट साली,
एक सूटकेस आणि बापाची पितळी फूटपट्टी घेऊन.
मासिकात पहिली तीन वर्षं
बटणांच्या जाहिराती चिकटवल्या.
रबर सोल्युशनचा वास केसांत बसला तो बसलाच.
नवरा म्हणायचा, सायकलच्या दुकानाशी लग्न केलंय मी.
नवरा फार टिकला नाही.

मी तिच्या हाताखाली लागलो त्र्याहत्तरमध्ये.
पहिल्याच दिवशी तिनं कोरा कागद पुढ्यात टाकला,
म्हणाली, काहीही न काढता तासभर बस.
बसलो. खालून सात ट्राम गेल्या.
मग विचारलं, जड कुठे झालाय?
मी कुठल्यातरी कोपऱ्यावर बोट ठेवलं. चुकलं.
तिनं कॉफी मागवली, दोघांसाठी.
म्हणजे नोकरी पक्की, हे मला संध्याकाळी कळलं.

दोन पानांवर एकच बूट, खाली डावीकडे,
बाकी सगळं पांढरं.
जाहिरातवाले वर आले, मालक वर आले,
एवढ्या पांढऱ्याचे पैसे कोण देणार?
भिंगावरून डोळा न काढता ती म्हणाली,
मग बूट चालणार कुठे?

कापायला तिला दया नव्हती.
गुडघे, आभाळ, अर्धा समुद्र,
एकदा एका काउंटेसचं अख्खं कुत्रं.
रेमो नावाच्या फोटोग्राफरनं
तिची कात्री खिडकीबाहेर भिरकावली.
ती चार मजले उतरली, रस्त्यातून कात्री उचलून आणली
आणि त्याचं चित्र आणखी बोटभर कापलं.

म्हणून शहाऐंशीचा मार्च अंक कुणाला समजला नाही.
मुखपृष्ठावर हिरवा कोट, त्यातली उंच मुलगी,
आणि उजव्या कडेला एक हात,
पाठीमागून कोट चिमटीत धरलेला,
अंगठ्याला चिकटपट्टी, बोटांत दोन टाचण्या.
सगळे म्हणाले, हा राहिलाय.
ती म्हणाली, ठेवलाय.
मालकांनी फोनवर विचारलं, हात कुणाचा आहे?
कोटाचा, म्हणाली.

अंक पडून राहिला.
जूनमध्ये तिला सल्लागार केलं,
म्हणजे जिन्याखालची खोली, खिडकी नसलेली.
खुर्ची मला मिळाली. मी घेतली.
हे इथे लिहितोय, कारण तिनं कधी विचारलं नाही.

पुढे संगणक आले. एकदा माझ्या मागे उभी राहून
तिनं विचारलं, कापलेलं जातं कुठे?
मी दाखवलं: कुठेच नाही,
नुसतं झाकलेलं असतं, ओढलं की परत येतं.
बराच वेळ ती पडद्याकडे पाहत राहिली.
मग काही ठरतच नाही की, म्हणाली,
आणि कोट चढवून घरी गेली, दुपारी तीन वाजता.

दगड तिनं स्वतः आखून ठेवला होता,
पाकिटावर माझं नाव.
कोरणाऱ्या पोराच्या यंत्रानं सगळं मधोमध आणलं.
पोरगा म्हणाला, सगळे मधोमधच घेतात.
मी त्याला दुसऱ्या दगडाचे पैसे दिले
आणि फूटपट्टी घेऊन शेजारी उभा राहिलो.

आता नाव खाली डावीकडे आहे,
तारखा त्याहून खाली, जवळजवळ गवतात.
बाकी सगळं पांढरं.
फुलं आणणाऱ्या बाया थबकतात.
पाद्र्यानं परवा हळूच विचारलं,
एवढी जागा नवऱ्यासाठी राखलीय का?
मी नाही म्हणालो.
मग कुणासाठी, हे त्यानं विचारलं नाही,
आणि माझी बस सव्वाचारला होती.