दुसऱ्या शनिवारी जगबुडी

महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी, टपाल वाटून झालं
की आम्ही जग संपवतो.
देवबागला, हर्षाली तारीच्या खानावळीमागच्या पडवीत,
जिथे पर्यटकांची लाइफ जॅकेटं वाळत असतात
आणि खाली बसलं की मानेवर थेंब पडतात.

आम्ही पाच जण. पुस्तक एकच.
पार्सल मीच आणते, मीच सही करून घेते, माझीच.
आजवर आम्ही जग
साथीनं मारलंय, धुळीनं मारलंय, यंत्रांनी,
एकदा तर नुसत्या मिठाच्या टंचाईनं.
त्या दिवशी दाजी केळुसकर इतके हसले
की चष्मा चहात पडला.
‘मिठासाठी मारामारी? ह्येंका दर्या खंय आसा ता म्हायत नाय?’

लुद्रीन फर्नांडिस उपकेंद्रात नर्स.
साथीचं पुस्तक आलं की पेन्सिल घेऊन बसते,
समासात लिहिते: विहिरीत क्लोरीन कोण टाकतंय?
आणि एका पानावर, दोनदा खोडून:
हजार माणसं मेली,
त्यात एकही बाई बाळंत झाली नाही?
असं होत नाही.

खेडचा अश्रफ परकार फोनवरून येतो,
फोन तांदळाच्या डब्याला टेकवलेला.
त्याच्या गावच्या नदीचं नावच जगबुडी.
ती बाजारात शिरते, जग बुडतं,
मग लोक गाळ उपसतात, शटर धुतात,
उधारीच्या वह्या उन्हात पसरतात.
‘ह्या लेखकांना,’ अश्रफ म्हणतो,
‘चौथा दिवस लिहिता येत नाही.’
मग रेंज जाते. त्याचं तोंड उघडंच राहतं.

पुस्तकांत शहरं पडतात. उंच, काचेची.
आमच्याकडे पडायला उंच असं काही नाही.
एका अंगाला दर्या, एका अंगाला कर्ली,
मधे एक रस्ता
आणि त्यावर माझी सायकल.

या खेपेचं पुस्तक भिजून आलं.
शेवटची सोळा पानं एकमेकांना घट्ट धरून.
हर्षालीनं मोदकपात्रात वाफ दिली,
उलथन्याच्या टोकानं एकेक पान सोडवलं,
जशी घावनाची कड सोडवावी.
मी मोठ्यानं वाचलं:
सगळं संपल्यावर नायक मागे न बघता
डोंगराकडे चालू लागतो. समाप्त.

दाजी बराच वेळ गप्प.
‘डोंगरार गेलो म्हणे. खंयच्या डोंगरार?’
पलीकडे, परुळ्याच्या अंगाला, चिऱ्यांच्या खाणीत
कटर चालू होता.
नदीवरून तेवढाच आवाज आला.

मी त्यांना एक सांगितलं नाही.
या पावसाळ्यात माझे दोन पत्ते कमी झाले.
घर आहे तसं. अर्धं.
चूल दर्याकडे उघडी,
दारावरची पाटी अजून वाचता येते: बा. स. मेथर.
त्यांच्या नावानं विम्याचं पत्र आलंय.
परत पाठवायचं तर शेरा मारावा लागतो,
आणि शेरे ठरलेले:
घेण्यास नकार. मयत. पत्ता सोडून गेले.
माणूस आहे, कुडाळला मुलीकडे आहे,
पत्ताच सोडून गेला,
असा शेरा नाही.
सतरा दिवस पत्र पिशवीत घेऊन फिरते आहे.
कधी कधी वाटतं, हेच वाचावं एखाद्या शनिवारी.
पण त्यात गोष्ट नाही, फक्त हप्त्याची तारीख.

लुद्रीनला पुढच्या वेळी बाळंतपण असलेलं पुस्तक हवंय.
हर्षाली जॅकेटं उलटी करते.
उठताना दाजी गुडघ्याला हात लावून विचारतात,
‘फुडच्या पुस्तकात जग कसल्यान मरता?’

पाण्यानं, मी म्हणते.

‘मगे भरती बगून बैठक ठेव.
साडेपाचाक रस्त्यार पाणी येता.’