वर्ख

काउंटी हॉलच्या दक्षिण भिंतीवर ओकच्या सात फळ्या,
त्यांवर आम्ही आजवर लंडनला धाडलेली माणसं.
जुनी नावं उजळायची, नवं आलं की लिहायचं,
एवढंच माझं काम.
आधी वडील करत. शिडीही त्यांचीच,
तिसरी पायरी तेव्हापासून कुरकुरते.

पहिलं नाव वॅरिन द स्टोकबी, बाराशे अठ्ठ्याण्णव.
त्याला जायचंच नव्हतं.
मेंढ्या व्यायच्या दिवसांत कोण निघतो
आठ दिवसांचा चिखल तुडवत,
राजाला कर मंजूर करून द्यायला?
निवडून आला म्हणजे सापडला तावडीत.
हा येईल, असं चार जणांनी जामीन राहून लिहून दिलं,
एकाचे दोन बैल शेरिफने अडकवून ठेवले.
फळीवर वॅरिन आहे.
बैलवाल्याला जागा पुरली नाही.

मग हळूहळू चटक लागली.
तिसऱ्या फळीपासून हॅव्हरगेटच हॅव्हरगेट:
बाप, मुलगा, जावई, पुन्हा मुलगा.
एक जण एकवीस वर्षांत एकदाच उठला सभागृहात,
तेही पायाला मुंग्या आल्या म्हणून.
नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा;
पण वर्ख त्यालाही तेवढाच लागतो,
दर अक्षरी अर्धं पान.

चौथ्या फळीवर एक नाव खरवडलेलं,
राजाचं डोकं उडालं त्या सुमाराचं.
वडील तिथे कधी कुंचला लावत नसत.
म्हणायचे, हेही लिहिलेलंच आहे.

खाली कपाटात अठराशे सदतीसची मतांची वही.
तेव्हा मत तोंडानं द्यायचं, मांडवात, चारचौघांसमोर,
आणि कारकून लिहून घ्यायचा.
पान एकोणसाठ: एफ्राइम डॉड्रिज, कुंपणं विणणारा,
चाळीस शिलिंग उत्पन्नाच्या तुकड्याचा धनी.
समोर हॅव्हरगेटचा कारभारी हातात पेन्सिल घेऊन उभा.
एफ्राइमनं दुसऱ्याचं नाव घेतलं.
दुसरा नऊ मतांनी पडला,
आणि त्या हिवाळ्यात
काउंटीतलं एकही कुंपण मोडलं नाही म्हणे,
निदान एफ्राइमला बोलवावं एवढं तरी नाही.
माझ्या पणजोबांचे आजोबा.
पडलेल्याचं नाव फळीवर नसतं.
पाडलेल्याचंही.

सहाव्या फळीवर पहिली बाई, मुरिएल ग्रॉबी.
नावाआधी ‘मिस’ लिहू की नको,
वडिलांनी दोन दिवस शिडी हलवली नाही.
शेवटी तीच आली, मान वर करून सगळं वाचलं,
म्हणाली, यांच्यातला अविवाहित कोणता,
सांगा बरं वाचून?
नुसतं मुरिएल ग्रॉबी आहे तिथे.
‘आर’ची शेपटी वडिलांनी जरा मोकळी सोडलीय.

काल सातवी फळी, खालची कड.
केल्विन ओसेई-थ्वेट.
आडनाव लांब आणि जागा चार बोटं,
मधली जोडरेघ टाचणीएवढी करावी लागली.
तो स्वतः पाहायला आला, रेनकोट हातावर घेऊन.
त्यानं विचारलं, किती टिकतं हे?
म्हटलं, ऊन लागलं नाही तर सोनं शंभर वर्षं.
तो थांबला. मी पुढे काही बोलले नाही.
मग त्यानं वॅरिनकडे पाहिलं, बराच वेळ,
जणू मेंढ्यांचं त्याला कुणी सांगितलं असावं.

मी त्याला मत दिलं नव्हतं.
त्या दिवशी शाळेच्या व्यायामशाळेत,
दोरीला बांधलेल्या बोथट पेन्सिलीनं,
मी दुसऱ्याच चौकटीत फुली मारली होती,
आणि कुणी पाहत नव्हतं, एफ्राइम,
कुणीही नाही.
तरी त्याच्या नावाचं एकही वळण
मी घाईत उरकलं नाही.

वर्ख उचलायचा तर खारीच्या केसांचा कुंचला
आधी आपल्या गालावरून फिरवावा लागतो.
कातडीचा किंचित तेलकटपणा घेतला
की सोनं आपणहून चिकटतं.
ही गोष्ट फळ्यांवर कुठे लिहिलेली नाही.

संध्याकाळी पाव घ्यायला गेले,
तर काउंटरमागची मुलगी म्हणाली,
बाई, गालाला काहीतरी लागलंय.
मी बाहीनं पुसलं.