तीनतेरा

सांगलीच्या मार्केट यार्डात पेन्शनचे फॉर्म चालले होते.
खिडकीपलीकडं प्रणित, विश्रामबागेतून स्कूटीवर येणारा,
कॉलरीवर अजून हळद न चढलेला.
"वय?"
"तीन इसा वर तेरा," अक्काताई शेडबाळे म्हणाली.
त्यानं तीन दाबला, मग तेरा.
पडदा लाल झाला. तीनशे तेरा चालत नाही.

रांग हसली.
"अक्के, तुझे तीनतेरा वाजले गं! आता नऊबारा कवा?"
तिनं डोळे मिटले, ओठ हलले.
"नऊ इसा वर बारा व्हय?
आणि सहा इसा वर्सं हाईत. एक कमी."
मी अडतीच्या दुकानातला दिवाणजी,
मागं उभा राहून कागदावर ताडून पाहिलं.
बरोबर होतं.

पोती मोजताना ती बोलत नाही.
हातापायांची बोटं संपली
की एक हळकुंड ओच्यात.
वीस हळकुंडं झाली की ती परत ढिगात,
त्यांच्या बदल्यात एक गड्डा.
शून्याला तिच्याकडं खूण नाही,
रिकाम्या ओच्याला खूण कशाला?
शाळेत मला शिकवलं,
नऊनं भाग जातो का बघायचा तर अंकांची बेरीज करा.
तिच्यात ते काम एकोणीस करतो.
एकदा अठरा हळकुंडं आणि वर एक पोतं आलं,
तर म्हणाली, "एकोणीस गाड्या बोलवा, सारखी बसत्यात."
मी खतावणीत भागाकार मांडेपर्यंत
सहावी गाडी भरत आली होती.

तेव्हा त्र्याहत्तर.
आण्यांत मांडलं तर चार रुपये नऊ आणे.
बोटांच्या पेरांवर सहा डझन वर एक.
तीन आणि तेरा मिळवले तर सोळा,
म्हणजे बाई सोळा आणे खरी,
पण हा माझा चावटपणा, गणित नव्हे.
प्रणितनं पावतीच्या पाठीवर लिहिलं,
"आजी, मशीन तुमचं वय असं धरतं":
१००१००१
तिला वाचता येत नाही. तिनं बोट फिरवलं,
डावीकडून, मग उजवीकडून.
"भरलं पोतं, दोन जागा मोकळ्या, भरलं पोतं,
दोन मोकळ्या, भरलं.
कुणीकडनं बी आलं तरी त्येच की."

मला मात्र दुसरंच दिसत होतं.
दोघांत वाटा, एक उरतं.
तिघांत, चौघांत, सहांत, आठांत,
नऊ, बारा, कितीही जणांत वाटा,
दर वेळी एकच पोतं फरशीवर राहतं.
लिपी बदला, हात बदला, वीस धरा नाहीतर दोन,
या संख्येला आत शिरायला फट नाही.
तिच्या घरी कोण कोण, हे मी
इतक्या वर्षांत विचारलेलं नाही.

शेवटी पडद्यावर ७३ उमटलं.
"काय लिवलंस?"
"सात, आणि पुढं तीन."
"सात न् तीन? दहाच झालं की रं.
दोन हातात संपलं."
ती हसली नाही. जरा वेळ काचेकडं बघत राहिली.
मग निळ्या शाईत अंगठा बुडवून
दाखवलेल्या जागी दाबला.
खाली हळद होतीच.
ठसा हिरवा आला.