दुसरी बाजू, चौथं गाणं

हल, एकोणीसशे एक्याऐंशी, मार्च.
हंबरवरचा पूल बांधून झाला होता, खुला नव्हता.
आमचंही तसंच काहीसं.

मासळी गोठवायच्या रिकाम्या गुदामात
रात्रीच्या दराने मिळालेला स्टुडिओ.
भिंतींना अंड्यांचे ट्रे,
आणि कितीही ब्लीच ओता,
फरशीतून वर येणारा कॉडचा वास.
अकरा रात्रींत केला आम्ही तो अल्बम.
बाराव्या रात्रीचे पैसे नव्हते.

मॉइरा गायची भिंतीकडे तोंड करून;
माणसं दिसली की तिचा सूर गोड व्हायचा
आणि गोड आम्हाला नको होतं.
नेव्ह गिटार वाजवायचा, म्हणजे
वाजवायचं टाळायचा.
एक स्वर टाकून चार मात्रा गप्प,
शेवटची बस चुकलेल्या माणसासारखा.
कीथ ब्लेंकिन फिश फिंगरच्या कारखान्यातला,
त्याच्या मनगटात ठेका आधीच होता:
पट्टा, खटका, पट्टा, खटका.
मी बास. माझ्याबद्दल कुणी कधी काही लिहिलं नाही.

सिंथेसायझर उसना. गारठ्यात सूर सोडायचा,
म्हणून दोन गाण्यांच्या मध्ये
त्याच्यावर कीथचा कोट.
दुसऱ्या बाजूच्या चौथ्या गाण्यात
कळ न दाबताच तो घरघरू लागला.
रात्र अकरावी होती.
घरघर राहिली.

अल्बम सप्टेंबरात आला.
लंडनच्या साप्ताहिकाने नव्वद शब्द दिले
आणि त्यात ध चा मा केला:
'द कोल्ड स्टोअर'चं 'द ओल्ड स्टोअर'.
दुसऱ्याने लिहिलं,
फ्रिजला गळा फुटला तर तो असाच गाईल.
कीथने ते कापून पाकिटात ठेवलं,
त्याला ती स्तुती वाटली.
लीड्सच्या एका विद्यार्थिनीने
कॉलेजच्या अंकात दोन पानं लिहिली.
तिला आमच्यापेक्षा जास्त कळलं होतं.
तिला पत्र पाठवायचं ठरलं,
मग कुणी लिहायचं यावर भांडण,
मग राहिलंच.

हजार छापल्या, सहाशे बारा परत आल्या.

आईने अंगातला कोट न काढता
उभ्याने दोन्ही बाजू ऐकल्या.
म्हणाली, तिसऱ्या गाण्यात मॉइराला सर्दी झालीये.
झाली होती.
एकाही समीक्षकाला ऐकू आली नव्हती.

वडील दारातच थांबलेले.
वीस वर्षं ट्रॉलरवर रेडिओ ऑपरेटर,
आइसलँडचं पाणी बंद झाल्यापासून घरी,
खिडकीपाशी.
चौथं गाणं लागलं.
"हे कुठे सापडलं तुम्हाला?"
बिघाड आहे, मी म्हणालो.
"बिघाड कसला.
बेअर आयलंडच्या पुढे स्टेशन हरवलं
की हेच यायचं कानात.
पलीकडे कुणीतरी आहे असं धरून
ऐकत बसायचो."
सुई त्यांनी स्वतः उचलली, मागे नेली.
तीनदा.
आई बटाटे सोलत राहिली.

पुढच्या मे महिन्यात बँड फुटला,
व्हॅनच्या हप्त्यावरून, दुसरं काही नाही.
मॉइरा गूलच्या इस्पितळात नर्स झाली.
नेव्हचं कळलं नाही.
मी लोकांची वॉशिंग मशीन दुरुस्त करतो,
बहुतेकदा पंपच गेलेला असतो.

परवा ओसाकाहून एकाचा फोन.
फार अदबीने बोलला:
अल्बम पुन्हा काढायचाय,
आमच्याकडे चाहते आहेत,
चौथ्या गाण्यातली घरघर आता काढता येते,
काढू का?

मी उत्तर दिलं नाही लगेच.
वडील गेले तेव्हा त्यांच्या कपाटात
मिळाली होती त्यांची प्रत:
पहिली बाजू काळीभोर, कोरी,
सुईसुद्धा न टेकलेली,
आणि दुसरीवर, मध्याच्या जवळ,
बोटभर रुंदीचं एक कडं
झिजून राखाडी पडलेलं.