नळावरचा फोनोग्राफ

चावीचे फोनोग्राफ मी शेकड्यांनी दुरुस्त केले.
एक शिवणयंत्राच्या पायट्यावर चालायचा.
एक स्पिरिटच्या दिव्यावर; त्याचा मालक
निम्मं स्पिरिट स्वतःच प्यायचा,
गाणं दुसऱ्या कडव्यात गारठायचं.

युफेमिया गीकीचा नळावर चालायचा.

डंडी शहर. तागाच्या गिरण्या. तिसरा मजला.
मोरीवर फळी, फळीवर यंत्र,
रबरी नळी, पितळी डबीत इवलं चाक.
तोटी सोडली की डोंगरातल्या तळ्याचं पाणी
चाकाला ढुशा देत मोरीत उतरायचं
आणि मेणाच्या नळकांड्यातला कुणी जाडा गडी
घसा खाकरून सुरू व्हायचा.

"तक्रार काय?"
"सूर पडत नाही," ती म्हणाली.
मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.
लोक मला उलट्या कारणासाठी बोलावतात.

मग तिनं वर, छताकडे बोट केलं.
वर किनिअर राहायचा, रंगारी.
साडेसहाला येऊन हातांची निळाई धुवायचा.
पाइप एकच. त्यानं वर नळ उघडला
की खाली गाण्याचा पाय घसरायचा,
आवाज जड, ओला, झोपाळू.
"हे हात," ती स्वतःशी म्हणायची. "हे कोपरापर्यंत.
हे तोंड."
शनिवारी तो अंघोळ करी,
तेव्हा तर गवई पार आडवाच व्हायचा.

अकरा वर्षं.
जिन्यात भेटले तर हवेबद्दल बोलायचे.
आपण कुणाचा गळा खाली ओढतो
हे त्याला कधी कळलंच नाही.

"फेब्रुवारीत नेलं त्याला. खोली रिकामीच आहे.
आणि हा मेला सरळ गातोय."

मी डबी उघडली, चिमूटभर गाळ काढला,
वॉशर उगाच बदलला.
सवयीनं बोलून गेलो: स्प्रिंग बसवून देतो,
पाणी वाचेल, सूर तसूभर हलणार नाही.
तिनं पैसे मोजून हातावर ठेवले.

पहिल्या मजल्याच्या वळणावर सगळ्यांचा एक नळ आहे.
हात तेलकट होते, म्हणून सोडला.
वर बंद दारामागे
जाडा गडी अडखळला, खाली बसला.

मी नळ बंद करणार होतो.
पाणी बर्फासारखं होतं.
हात धुऊन झाले. मग बाह्या सारल्या,
कोपरापर्यंत धुतले.
मग टोपी काढून कठड्यावर ठेवली
आणि तोंडही.