सोयरूमामाची शिट्टी

एकतीस वर्षं रायबंदर ते चोडण,
चोडण ते रायबंदर.
मी एकदा हिशेब करून सांगितलं होतं,
एवढ्या फेऱ्यांत तू अरबस्तान गाठलं असतंस, मामा.
म्हणाला, गाठलं असतं,
पण पोरांची शाळा चुकली असती.

निवृत्तीनंतरच्या पाचव्या महिन्यात
कुठून डोक्यात आलं कुणास ठाऊक,
म्हणाला, मला असं पाणी दाखव
जे कुठे जात नाही.

म्हणून रविवारी सकाळी
पणजीच्या स्टँडवर आम्ही साखळीची बस धरली.
इस्त्रीचा शर्ट,
डब्यात मामीने दिलेल्या पोळ्या,
खिशात, सवयीने, गाड्या चढवायची शिट्टी.
डिचोलीपर्यंत तो रस्त्याकडे बघतच नव्हता,
समोरून येणारं प्रत्येक वाहन
मनातल्या मनात बोटीवर लावत होता.
हा टेंपो डावीकडे. बुलेट कठड्याला.
ही आपली बस? छे,
तीनदा मागे-पुढे करावी लागेल.

साखळीला भाजी-पाव, मिरचीभजी, दोन-दोन चहा.
पुढे केरीची बस,
आणि खिडकीतून एकदम काजूच्या मोहोराचा वास,
गोड म्हणावा तर तुरट.
वाघेरीचा डोंगर अर्धा धुक्यात,
उरलेला अर्धा आमच्याकडे तोंड करून.

अंजुण्याच्या धरणावर मामा उभा राहिला
पाय फाकवून,
पायाखाली डेक असल्यासारखा.
त्याला बराच वेळ लागला कळायला
की काहीच हलत नाहीये.

भरती कधी असते? त्याने चौकीदाराला विचारलं.
चौकीदार गावस हसला नाही.
जूनमध्ये सुरू होते, म्हणाला,
मग आठ महिने ओहोटी.
तो लाल पट्टा बघा, तेवढं उतरलंय.
आणखी उतरलं की आमच्या बांधावरची खोडं दिसतात.
देव वर नेले. माणसं वर नेली.
विहिरी कशा नेणार?
त्याने विडी शिलगावली.
आता पाण्यात बुडालेली विहीर,
तिला भरलेली म्हणायचं की काय म्हणायचं?

मामा गप्प.
पोळ्या आम्ही तिघांनी खाल्ल्या,
गावसाने लोणचं काढलं,
कुणाचं घर कुठे होतं ते
बोटाने पाण्यावर दाखवत राहिला,
आणि मामा मान हलवत राहिला
जणू पत्ता लक्षात ठेवतोय.

एक बोट असती तर, तो म्हणाला,
आणि पुढचं बोलला नाही.

निघताना त्याने खिशातून शिट्टी काढली.
एक लांब, दोन आखूड.
डोंगराने ती परत दिली,
मग मागच्या दुसऱ्या डोंगराने,
ज्याचं नाव आम्हाला माहीत नव्हतं.
खोडांवरून पाणकावळे उठले.
ओ, इथे शिट्टीला बंदी आहे,
गावस घाईने म्हणाला.
आणि जरा थांबून,
हिचा अर्थ काय?

अजून एका गाडीची जागा आहे,
मामा म्हणाला.

परतीच्या वाटेवर तो झोपला,
तोंड उघडं, डबा मांडीवर.
रायबंदरच्या धक्क्यावर अंधार पडला होता.
त्याला सोडायला मी पलीकडपर्यंत गेले.
बोटीवर एक नवा पोरगा, कोवळ्या मिशीचा,
म्हणाला, आजोबा, पिवळ्या रेघेच्या मागे.
ती रेघ मामानेच रंगवलेली.
तो निमूटपणे मागे सरला.

मांडवीच्या मध्यावर
इंजिनाच्या धडधडीत
मी त्याच्या कानाशी वाकून विचारलं,
मामा, इथे खाली काय आहे?

चिखल, तो म्हणाला.
मग बराच वेळ काही नाही.
मग,
आणि माझी एक चप्पल,
त्र्याण्णव सालची. डाव्या पायाची.